सेंटओएसवरून फ्रीबीएसडीवर जाताना ऑफिस अडून बसलंय? या चुका टाळा

सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेलच्या कारखान्याची बिलं अजून त्याच सर्व्हरवर निघत असतील, तर आता थांबण्यात अर्थ नाही. त्याऐवजी फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम निवडली असेल तर माझ्या मते निवड चांगली आहे. गाडी अडते ती बहुतेकदा माणसांपाशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या जुन्या ॲडमिनला शेवटी सांगणं. ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणणारा माणूस मालकांना आडमुठा वाटतो, पण रात्रीचा बॅकअप कशाच्या आधारावर चालतो हे अनेकदा त्यालाच ठाऊक असतं. ‘अण्णा, आधी तुमच्या स्क्रिप्ट बघू, मग तारीख ठरवू,’ असं म्हणून त्यांच्या शेजारी बसा आणि क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीची, एकेक ओळ वाचून काढा.

‘दोन्ही युनिक्सच, सगळं सारखंच’ असं तर कधीच सांगू नका. पहिल्याच रात्री ते खोटं ठरतं. फ्रीबीएसडीवर बॅश, म्हणजे लिनक्सवर स्क्रिप्ट चालवणारा नेहमीचा प्रोग्राम, मुळात नसतं. पॅकेजमधून टाकलं की ते यूएसआर-लोकल-बिन या फोल्डरमध्ये जातं. त्यामुळे पहिल्या ओळीत बॅशचा जुना पत्ता असलेली स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असूनही ‘नॉट फाउंड’ येतं. कालची तारीख काढायला डेट कमांडला ‘मायनस डी’ऐवजी ‘मायनस व्ही’ लावावं लागतं. फाइलमधला मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडच्या ‘मायनस आय’पुढे बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण. सर्व्हिस चालू-बंद करणारी सिस्टिमसीटीएल कमांडही नाही, सर्व्हिस सुरू ठेवायची नोंद आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये होते. हे सगळं चाचणी सर्व्हरवर अण्णांनाच शोधू द्या, आणि सापडलेला प्रत्येक दोष यादीत त्यांच्या नावाने लिहा. स्वतः तपासलेल्या गोष्टीला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

अकाउंट्सवाल्यांना ऑपरेटिंग सिस्टिमशी देणंघेणं नसतं. शेअर फोल्डरचं नाव, ड्राइव्हचं अक्षर आणि प्रिंटर आहे तसाच ठेवा, बस.

तारीख ठरवताना पगाराचा आठवडा, कंटेनर भरायचा दिवस आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा टाळा. ऐन यात्रेत हाताशी माणूस मिळणार नाही. नव्या सर्व्हरवर एक महिनाअखेर नीट पार पडेपर्यंत जुना पुसू नका, फक्त इंटरनेटपासून तोडून ठेवा. परत फिरायची वेळ आली तर कोण, कोणत्या क्रमाने काय करणार, ते फोन नंबरसकट कागदावर लिहून सर्व्हर रूमच्या दाराला आतून चिकटवा.