डोक्याला मार लागल्यानंतरचं बोलणं: नव्या स्पीच थेरपिस्टसाठी

इंदूरला इंटर्नशिप चालू होती तेव्हाची गोष्ट. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले एक काका आले. घरी मराठी, दुकानात हिंदी. मी चित्रं दाखवली: कंगवा, कुलूप, छत्री. सगळी नावं बरोबर. मी फाइलमध्ये ‘भाषा ठीक’ लिहून मोकळी झाले. काकू दारापाशी थांबून म्हणाल्या, “बोलतात हो हे. पण यांच्याशी बोलता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “काका, पोहे कसे करतात?” सुरुवात पोहे भिजवण्यापासून झाली. मग जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), मग ते कुठल्या दुकानात चांगलं मिळतं, तिथे गाडी लावायला जागा नसते, मग गाडीचा हप्ता. पोहे भिजलेलेच राहिले. मॅडमनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

अर्धांगवायूनंतरच्या अफेजियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडते तेव्हा, शब्दच हाती लागत नाही. डोक्याला मार लागल्यावर बरेचदा शब्द, व्याकरण शाबूत असतं. धक्का बसला की मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाकडचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर आपटतो. लक्ष, आठवण, मुद्दा धरून ठेवणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, सगळं तिथेच दुखावतं. अफेजिया किंवा जड, बोबडं बोलणंही काहींना होतं, ते तपासायचंच. पण चित्रांच्या चाचणीवर थांबू नका. गप्पा मारा, आणि घरच्या भाषेत मारा. मी हिंदीत तपासलं होतं, ही माझी दुसरी चूक.

शुद्धीवर आल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, नवीन आठवण टिकत नाही. त्या काळात लांबलचक चाचण्या नकोत. भेटायला येणारा प्रत्येक जण “ओळख बरं, मी कोण?” विचारतो. हे प्रेमानेच होतं, पण पेशंट अंदाजाने उत्तर देतो आणि तेच चुकीचं उत्तर डोक्यात बसतं. नातेवाइकांना सांगा: आधी आपलं नाव सांगा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजा. खिशात मावेल अशी वही द्या. तारीख, कोण आलं, काय ठरलं, सगळं त्यात.



काकांसाठी आम्ही पोह्यांच्या पायऱ्यांचं एक कार्ड केलं. बोलण्याची गाडी भरकटली की काकूंनी बोलायचं नाही, नुसतं कार्डावर बोट ठेवायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. काकूंना ते जमायला काकांपेक्षा जास्त दिवस लागले. तिसऱ्या महिन्यात एकदा काका शेव घालेपर्यंत पोचले, थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमच्याकडे कसे करतात?”