डिस्क रिकामी, तरी ‘नो स्पेस लेफ्ट’? लिनक्सचं आयपीसी बघताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात रात्री सव्वाबाराला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर अकराच्या शिफ्टपासून बंद आहे, गेटवर ट्रक उभे, चलन निघत नाही. मी सिडकोत राहतो, भिजत का होईना पण दहा मिनिटांत पोचलो. स्क्रीनवर एरर होती ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाईस’ आणि तिथला पोरगा तासभर जुने लॉग उडवत बसला होता.

पहिली चूक इथेच. डिस्क किती भरली ते दाखवणारी डीएफ कमांड मारली तर डिस्क 38 टक्केच भरलेली, आयनोडही (फाइलींच्या नोंदींची जागा) भरपूर शिल्लक. मग आयपीसीकडे वळलो, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी बोलायला वापरतात त्या सोयी. त्यांची यादी देणारी आयपीसीएस -एस कमांड मारून सेमाफोर सेट (कुणाची पाळी ते ठरवणाऱ्या सिग्नलचे गट) मोजले, बरोबर 128. मशीन सेंटओएस 7 (लिनक्सचाच एक प्रकार) ची, आणि त्यात सेमाफोर सेटची डिफॉल्ट मर्यादा 128च असते. कोटा संपला की कर्नल (लिनक्सचा गाभा) नवीन सेमाफोर सेट मागणाऱ्याला हीच डिस्क भरल्याची एरर फेकतं, दुसरी वेगळी ठेवलेलीच नाही. पोस्टग्रेस (तिथला डेटाबेस) तर अशा वेळी लॉगमध्ये सरळ लिहून देतं की बाबा हे डिस्कचं नाहीये, पण हिंट वाचतो कोण.

आता हे 128 साचले कसे? सॉफ्टवेअर देणाऱ्याने रिस्टार्टची स्क्रिप्ट दिली होती, ती दर शिफ्टला चालायची आणि थेट किल -9 मारायची, म्हणजे आवराआवर करू न देता प्रोसेस मारायची. सेमाफोर, शेअर्ड मेमरी (प्रोग्रामांची सामायिक रॅम), मेसेज क्यू (निरोपांची रांग) हे सगळं कर्नलकडे असतं, प्रोसेस मेली म्हणून ते आपोआप जात नाही, कुणीतरी काढावं लागतं नाहीतर रीबूट व्हावं लागतं. म्हणजे दर शिफ्टला एक सेट मागे पडायचा, दिवसाला तीन. गंमत अशी की आधी लाइट गेली की सर्व्हरही झोपायचा आणि सगळं साफ व्हायचं, नवा यूपीएस बसवल्यावर मशीन सलग 40 दिवस चालली आणि तेव्हा हा रोग बाहेर आला!

दुसरी चूक तो पोरगा करणारच होता. नेटवरून एक ओळ कॉपी केलेली, यादीतला प्रत्येक आयडी आयपीसीआरएमला (हे सेट काढून टाकणारी कमांड) देणारी. थांब रे म्हटलं, ओनरचा कॉलम तरी बघ. सात सेट पोस्टग्रेस युजरचे होते, प्रत्येकात 17 सेमाफोर (जुन्या पोस्टग्रेसची खूणच आहे ती), बाकी 121 डिस्पॅचच्या युजरचे. ते सात गेले असते तर चालू डेटाबेस तिथल्या तिथे झोपला असता, कारण सेमाफोर काढला की तो ताबडतोब जातो. शेअर्ड मेमरीचं तसं नाही, ती काढली तरी कुणी अटॅच असेल तोवर ‘डेस्ट’ स्टेटस दाखवत तशीच राहते, म्हणून आयपीसीआरएम मारूनही रॅम सुटली नाही अशी ओरड होते. आणि अटॅच शून्य दिसलं म्हणजे बेवारस असंही समजू नका, काही प्रोग्राम सोडतात आणि परत जोडतात.

मालक प्रोसेस जिवंत आहे का ते बघायला शेअर्ड मेमरी आणि क्यूसाठी आयपीसीएसचा -पी ऑप्शन आहे. सेमाफोरला तो कामाचा नाही, तिथे -एस -आय आणि पुढे आयडी द्यायचा, तो सेट शेवटी वापरणाऱ्या प्रोसेसचा नंबर (पीआयडी) दिसतो.

तिसरी, सगळ्यांची आवडती चूक म्हणजे मर्यादाच वाढवून टाकणं. 128 चे 1024 केले असते तर ह्याच वेगाने जवळपास वर्षभर काही झालं नसतं आणि मग सगळे विसरल्यावर परत रात्रीचा फोन. खरंच गरज असेल तर वाढवा, पण आकडा नीट टाका, एसएचएम मॅक्स (शेअर्ड मेमरीच्या एका तुकड्याची मर्यादा) बाईटमध्ये असतो आणि एसएचएम ऑल (सगळ्या तुकड्यांची मिळून) पेजमध्ये, म्हणजे 4096 बाईटचं पेज धरून 8 जीबीला 2097152.

मेसेज क्यूचं दुखणं वेगळं, तिथे बहुतेक वेळा एररच येत नाही, प्रोग्राम नुसता लटकतो. यूज्ड बाईट 16384 च्या (एका क्यूची डिफॉल्ट मर्यादा) जवळ दिसत असतील तर पाठवणारा जागेसाठी थांबलाय आणि वाचणारा बहुतेक मेलाय. ही मर्यादा (एमएसजीएमएनबी) वाढवली तरी आधीपासून असलेल्या क्यूला ती लागू होत नाही, ह्यात माझा स्वतःचा एक अख्खा रविवार गेलाय, मिसळही गेली.

आयपीसीएसमध्ये काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होणं हीपण चूकच. पॉसिक्सवाली (दुसऱ्या पद्धतीची) शेअर्ड मेमरी तिथे येतच नाही, ती डेव्ह-एसएचएम फोल्डरमध्ये बघायची. डॉकरमधलं (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) तर मुख्य मशीनवरून सहसा दिसतच नाही, कंटेनरच्या आत जाऊन बघावं लागतं, आणि तिथे डेव्ह-एसएचएम डिफॉल्ट 64 एमबीच असतं. डेटाबेसचा युजर साधा लॉगिनवाला असेल तर लॉगइनडीमधलं (लॉगिन सांभाळणारी लिनक्सची सेवा) रिमूव्ह-आयपीसी सेटिंग पण तपासा, चालू असेल तर तो युजर पूर्ण लॉगआउट झाला की त्याचं सगळं आयपीसी साफ, मग भुताटकी वाटते.

आणि नुसतं बंद पडल्यावर बघून काय उपयोग? गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो ना, पाणी गुडघ्याला का कमरेला, आणि तासाभरापूर्वी कुठे होतं. इथेही एका वेळचा आकडा काही सांगत नाही, तो चढतोय का ते बघायचं. मी तिथे क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) लावला, दर पाच मिनिटांनी सेमाफोर सेट मोजून तारखेसकट फाइलमध्ये टाकतो आणि शंभरच्या वर गेला की मेल. स्क्रिप्टमध्ये आधी किल -15 (नीट बंद हो असं सांगणारा), तीस सेकंद थांबायचं, तरी नाहीच मेला तर -9 आणि मग फक्त त्याच युजरचे सेट साफ.

त्या रात्री 121 सेट काढले, पावणेदोनला पहिला ट्रक सुटला. परवा फाइल उघडून बघितली, आकडा 8 वरच आहे. सात पोस्टग्रेसचे, एक त्यांचा.