रोमन फौज चालवताना या चुका टाळा

'रोम: टोटल वॉर' हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम २००४ साली आला, २०२१ मध्ये त्याची रीमास्टर्ड आवृत्ती आली. खेळणारी पिढी बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. रोमन पायदळ भारी आहे, पुढे ढकललं की जिंकतं, असं मनात धरून नवे लोक येतात आणि पहिल्याच मॅसिडोनियन फॅलँक्ससमोर, म्हणजे लांब भाले रोखून दाटीने उभ्या राहिलेल्या पायदळासमोर, अख्खी फौज गमावतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सगळं पायदळ एकाच रांगेत लावून एकदम सोडणं. माझा मावसभाऊ ब्रुटी हे गेममधलं रोमन घराणं घेऊन ग्रीसमध्ये उतरला होता. मॅसिडोनियापेक्षा माणसं त्याच्याकडे जास्त होती. त्याने कंट्रोल-ए दाबून सगळी फौज निवडली आणि समोरच्या भालाइतांवर राइट-क्लिक केलं. हॅस्टाटी (पुढची फळी), प्रिन्सिपेस (मधली फळी), ट्रायारी (शेवटची राखीव फळी) सगळे एकाच घोळक्यात धावत सुटले. पुढचे लांब भाल्यांच्या टोकांवर अडकले, मागचे त्यांच्या पाठीवर जाऊन दाटले आणि बाजूने फिरायला एकही युनिट मोकळं उरलं नाही. थोड्याच वेळात मधल्या हॅस्टाटींचं निशाण पांढरं झालं आणि त्यांचं बघून शेजारचेही पळाले.

मी त्याला लढाईआधीचा सेव्ह उघडायला लावला. फौज तीच, मैदान तेच. हॅस्टाटी पुढे, गार्ड मोडवर, म्हणजे जागा न सोडता लढायच्या आदेशावर. त्यांच्या मागे बरंच अंतर सोडून प्रिन्सिपेस, आणि ट्रायारी अगदी शेवटी. हॅस्टाटींनी फॅलँक्सला नुसतं थोपवून धरायचं, जिंकायचं नाही. तेवढ्यात प्रिन्सिपेसच्या दोन तुकड्या डावीकडून लांब वळसा घालून शत्रूच्या मागे गेल्या. भाले खाली केलेलं युनिट फार सावकाश वळतं. ते अर्धवट वळलेलं असतानाच पाठीवर घाव बसला आणि ओळ मोडली. ट्रायारींना हातही लावावा लागला नाही. लढाई ट्रायारींपर्यंत आली म्हणजे परिस्थिती टोकाला गेली, असं रोमन लोक म्हणत. ती राखीव फळी पहिल्या मिनिटाला खर्च करू नका.

ही काही गेममधली पळवाट नाही. इ.स.पू. १९७ मध्ये सायनोसेफलीच्या लढाईत मॅसिडोनियाची उजवी बाजू रोमनांना उतारावरून खाली रेटत होती. तेव्हा दुसऱ्या टोकाला जिंकत असलेल्या रोमन तुकड्यांमधून एका ट्रिब्यूनने, म्हणजे लष्करी अधिकाऱ्याने, २० मॅनिपल (छोट्या तुकड्या) बाजूला काढले आणि त्या फॅलँक्सच्या पाठीवर घातले. लांब भालेवाल्यांना मागे वळून लढताच आलं नाही.

दुसरी चूक पिलमची, म्हणजे फेकायच्या रोमन भाल्याची, आणि ती बघून माझा जीव खरंच तुटतो. हॅस्टाटी आणि प्रिन्सिपेस यांच्या हातात फेकायचे भाले दिलेत ते फेकण्यासाठी. 'फायर ॲट विल' (टप्प्यात शत्रू आला की आपोआप मारा करण्याचा पर्याय) चालू ठेवा, त्यांना उभं राहू द्या, शत्रूला चालत येऊ द्या. शत्रू टप्प्यात आला की भाले आपोआप सुटतात आणि येणारी ओळ भिडण्याआधीच विरळ होते. घाईत ऑल्ट दाबून हल्ला दिला तर ते थेट तलवार उपसतात आणि भाले हातातच राहतात. मागच्या ओळीचं 'फायर ॲट विल' मात्र मी कायम बंद ठेवतो, कारण प्रिन्सिपेसने मागून फेकलेले भाले आपल्याच हॅस्टाटींच्या पाठीत बसतात.

डबल-क्लिक करून मैदानभर पळवत नेऊ नका. दमलेली माणसं नीट लढत नाहीत. मी शेवटच्या टप्प्यापर्यंत फौज चालतच नेतो. फार वेळ लागतो अशी तक्रार करणाऱ्यांनी हरल्यावर नवी फौज उभी करायला किती टर्न जातात ते मोजावं.

रोमन घोडदळ मुळात कमजोर आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी इथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या घोडेस्वारांनी आधी रोमन घोडदळ उधळलं, मग मागून येऊन पायदळाला घेरलं. तुमचे इक्विट्स, म्हणजे रोमन घोडेस्वार, समोरासमोर भिडवू नका. बाजू सांभाळायला ठेवा, पाठीवर धडक द्या, लगेच मागे घ्या, पुन्हा धडक द्या. पळणाऱ्यांचा पाठलागही त्यांच्याकडूनच करून घ्या, नाहीतर तेच लोक सावरून परत येतात.

टेस्टुडो, म्हणजे ढालींचं कवच करून उभं राहण्याची रचना, बाणांच्या माऱ्यात वापरा, हातघाईत लगेच मोडा. हत्ती दिसले की व्हेलाइट्सचे (हलक्या भालाफेक्यांचे) भाले आणि पेटते बाण. हॅस्टाटी दूरच ठेवा. सेनापतीला पहिल्या धडकेत घालू नका, तो पडला की सगळ्यांचं मनोधैर्य ढासळतं.

आणि प्रत्येक लढाई ऑटो-रिझॉल्व्ह करून, म्हणजे स्वतः न लढता निकाल कॉम्प्युटरवर सोडून, मोहीम पुढे रेटणाऱ्यांना यातलं काहीच कधी येत नाही. गेममध्ये पॉझ आहे आणि पॉझमध्ये आदेशही देता येतात. मी ओळी भिडायच्या आधी एकदा थांबतो, दोन्ही टोकं बघतो, ट्रायारी जागेवर आहेत ना ते तपासतो आणि मगच पुढे सोडतो.