कोल्हापुरातनं लोणारला जायचंय? मग हे वाचून निघा

आपल्याकडची मंडळी वेरूळ-अजिंठा करतात, शेगावला जातात, आणि मधे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवरातलं तळं आहे तिथं "वाटेत जमलं तर बघू" म्हणून काठावर दहा मिनिटं थांबून दोन सेल्फी काढून पुढं जातात. असं करू नका. लोणार वरनं बघायची जागाच नाही, ते खाली उतरून चालायचं ठिकाण आहे आणि त्याला अख्खा एक दिवस दिला तरच ते कळतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बरेच जण याला ज्वालामुखीचं तळं म्हणतात. दगड ज्वालामुखीचाच आहे हे खरं. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर ज्या लाव्हारसाच्या थरांनी बनलाय तोच काळा बेसॉल्ट तिकडंपण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण खड्डा पाडला उल्केनं. आधी शास्त्रज्ञांनाही हे ज्वालामुखीचं तोंडच वाटायचं, नंतर तळाशी ड्रिलिंग केलं आणि तिथल्या दगडात मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे प्रचंड धक्क्यानं खनिजाची झालेली काच, आणि 1973 ला हे जगासमोर आलं. तसली काच ज्वालामुखीत होत नाही. वयाचे दोन आकडे ऐकायला मिळतील, जुन्या मोजणीत 50 हजार वर्षांच्या आसपास आणि नव्या पद्धतीनं साधारण 5 लाख 70 हजार. बेसॉल्टमधे उल्केनं पाडलेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फार कमी आहेत आणि त्यातलं एक आपल्या राज्यात आहे, मग एवढा प्रवास करायला काय हरकत आहे?

प्रवास मात्र लांबचा आहे. कोल्हापूर-सांगली-पंढरपूर-बार्शी-बीड-माजलगाव-परतूर-मंठा असं गेलात तर 500 किलोमीटरच्या वर होतं, पहाटे निघाला तर संध्याकाळपर्यंत पोचाल. पुणे-संभाजीनगर-जालना हा रस्ता लांब पडतो पण त्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं जन्मगाव, लखुजीराव जाधवांची समाधी तिथं आहे, आणि कोल्हापूरच्या माणसानं ते टाळून पुढं जाऊच नये. फक्त 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीची तुफान गर्दी असते, तेव्हा मुक्कामाचं आधी बघून ठेवा. रेल्वेनं जायचं तर परभणीला उतरून जिंतूर-मंठा करत बस नाहीतर जीप पकडायची, पण बरोबर म्हातारी माणसं असली तर आपली गाडीच बरी. मुक्काम लोणारमधेच करा, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, लॉज आहेत. जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण उतार निसरडा होतो, आणि एप्रिल-मेमधे विदर्भाचं ऊन काय असतं ते आपल्याला झेपत नाही.

सकाळी उजाडताच निघा आणि गावातला गाइड घ्या. पैसे वाचवायला एकटे उतरू नका, खाली झाडीत पायवाटा फुटतात आणि हे अभयारण्य आहे. सुरुवात गोमुखाच्या धारेपासनं करा. काठाजवळ गोड्या पाण्याची बारमाही धार पडते, लोक अंघोळ करतात, आणि तिथनं खाली सव्वाशे-दीडशे मीटरवर जे तळं दिसतं ते खारट आणि अल्कधर्मी. उतरताना नजर पायाकडं ठेवायची, पण मधेमधे थांबून भिंतीकडंपण बघा, लाव्हाचे थर काठापाशी उचकटून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, गाइडला विचारा, तो दाखवतो. वाटेत माकडं आहेत, मोर आहेत, नशीब असलं तर चिंकारा. भडंगाची पिशवी हातात घेऊन चालू नका, माकडं सरळ ओढून नेतात.

तळाशी पोचलात की आधी वास येतो, सडल्यासारखा. काठाचा चिखल वर वाळलेला आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो, पाय घोट्यापर्यंत जातो, त्यामुळं दगडावरनंच चाला. कडेला पांढरा क्षार जमलेला दिसतो, पूर्वी इथनं दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचे क्षार काढून विकायचे. पाणी शेवाळानं हिरवं दिसतं. जून 2020 ला हेच पाणी गुलाबी झालेलं आठवत असेल, पातळी खाली जाऊन खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव वाढले म्हणून. त्याच वर्षी हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. घरनं चिमूटभर हळद पुडीत घेऊन जा, तळहातावर थोडं पाणी घेऊन त्यात टाका, पाणी अल्कधर्मी असल्यानं ती क्षणात लालभडक होते, पोरं हे बघून जाम खूश होतात. नंतर हात प्यायच्या पाण्यानं धुवा, डोळ्याला लावू नका, आणि पुडीचा कागद खिशात.

काठाकाठानं झाडीत जुनी मंदिरं आहेत, बरीच पडलेली, वटवाघळांचा वास, कोणी नसतं. कमळजा देवीचं मंदिर जागतं आहे, नवरात्रात यात्रा भरते, जवळ सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी म्हणतात. तळ्याची पातळी वाढलेली असली की पायवाट आणि मंदिरांचा काही भाग पाण्यात जातो, तेव्हा पूर्ण फेरीचा हट्ट करू नका, गाइड म्हणेल तिथनं परत फिरा. खाली दुकान वगैरे काही नाही, माणशी दोन लिटर पाणी पाहिजेच, आणि ऊन चढायच्या आत वर या.

दुपारी गावात झुणका-भाकरी खा, ठेचा मागा, मग दैत्यसुदन मंदिर. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघितलेल्या माणसाला इथं लई मजा येणार, बाहेरनं तशीच कोन काढत गेलेली काळ्या दगडाची भिंत, मूर्तींनी भरलेली. लवणासुराला विष्णूनं मारलं त्याची ही जागा. आत अंधार असतो, टॉर्च घ्याच, आणि छताचं कोरीवकाम मान वर करून सावकाश बघा. संध्याकाळी अंबर तळ्याकडं जा, तिथं झोपलेला मोठा मारुती आहे.

दुसऱ्या दिवशी वेळ असला तर मेहकरचा शारंगधर बालाजी करून शेगावला जाता येतं, नाहीतर मंठ्यावरनं सरळ परतीला लागा आणि पंढरपूर उजेडात गाठायचं बघा.