लो केलेली गाडी टायर का खाते: लोअरिंगनंतरचं अलाइनमेंट

लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ३०-४० मिमी खाली आणली आणि काही महिन्यांत पुढचे टायर आतल्या कडेने तारेपर्यंत गेले, की सगळा दोष कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर, जातो. ‘गाडी लो केली म्हणजे असंच चालणार’ हेही गॅरेजमध्ये ऐकवलं जातं. पण रोजच्या वापरात एक-सव्वा अंश निगेटिव्ह (वरचा भाग आत कललेला) कॅम्बरने टायर इतक्या लवकर संपत नाही. टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचा सरळ दिशेपासूनचा तिरकेपणा. कोणत्या कडेने खायचं, एवढंच कॅम्बर ठरवतो.

हिशेब सोपा आहे. चाक सरळ दिशेपासून ०°३०′ (३० मिनिटं, म्हणजे अर्धा अंश) तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते टायर सुमारे ८.७ मीटर आडवं घासत जातं. तेच ०°०५′ असेल तर जेमतेम दीड मीटर.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच बीम) ही स्विफ्टसारख्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी, म्हणून इथे तीच धरली आहे. मूळ उंचीला लोअर आर्मचं चाकाकडचं टोक थोडं खाली झुकलेलं असतं. गाडी खाली आली की आर्म आडवा होत जातो, बॉल जॉइंट बाहेर ढकलला जातो आणि चाकाचा वरचा भाग आत कलतो. ३५ मिमीला हा बदल साधारण अर्धा ते पाऊण अंश निगेटिव्ह. मात्र जितकी गाडी खाली तितका कॅम्बर जास्त, असं पुढे होत नाही. आर्म आडव्याच्या पलीकडे जाऊन टोक वर उचलू लागला की ही वाढ थांबते आणि नंतर उलटते. शिवाय रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. साठ मिमी खाली आणलेली गाडी वळणात दिसते तितकी चिकटून का चालत नाही, त्याचं हे एक कारण.

टो बदलतो तो टाय रॉडमुळे, म्हणजे स्टिअरिंगच्या रॅकपासून चाक वळवणाऱ्या दांड्यामुळे. टाय रॉड आणि लोअर आर्म यांची लांबी आणि कोन वेगळे, त्यामुळे दोघांची टोकं वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरतात आणि फरक चाक वळवून भरून निघतो. बऱ्याच गाड्यांत चाक वर दाबलं गेलं की पुढचा टो बाहेर जातो. म्हणून लो केलेली गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली की बहुधा टो-आउटच (चाकांची पुढची कड बाहेर; आत असेल तर टो-इन) दिसतो. कॅस्टरची, म्हणजे बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगच्या अक्षाच्या कलाची, फार काळजी नको. २४५० मिमी व्हीलबेसच्या गाडीत पुढची बाजू मागच्यापेक्षा ४३ मिमी जास्त खाली आणली, तर कुठे एक अंश कमी होतो.

काम सुरू करण्याआधी

आधी मूळ उंचीवर अलाइनमेंटची प्रिंट काढून ठेवा. ती नसेल तर नंतर कुठला बिघाड नवा आणि कुठला जुना, हे कळत नाही. चाक उचलून ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बहुतेकदा टाय रॉड एंड. १२ आणि ६ वर लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हे ढिले असतील तर आधी बदला, कारण ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा मिसळते.

स्प्रिंग कापून किंवा गॅसवर तापवून गाडी बसवू नका. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की सीटवरून निसटते. तापवलेलीचा ताण दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही, मग उंची आणि कॅम्बरही सारखे येत नाहीत.

बसवताना

इथल्या दोन चुका मशीनवर निस्तरता येत नाहीत. पहिली, लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळणं. रबर त्या लोंबकळत्या स्थितीतच अडकतं, गाडी खाली आली की पिळलं जातं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट आधी हाताने लावा, चाकांवर पूर्ण वजन आल्यावर किंवा रॅम्पवर घेऊन टॉर्क रेंचने आवळा.

दुसरी चूक स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांची. भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी असतात. त्या फटीतच काही मिनिटांपासून जवळजवळ अर्ध्या अंशापर्यंतचा कॅम्बर लपलेला असतो. आवळताना एका बाजूला चाकाचा वरचा भाग बाहेर ओढला आणि दुसऱ्या बाजूला आपोआप आत पडू दिला, तर डावं-उजवं जुळणार नाही आणि गाडी एका बाजूला ओढेल. दोन्हीकडे वरचा भाग बाहेर ओढून धरा आणि मगच आवळा. एवढ्यानेही कॅम्बर दीड अंशापेक्षा जास्त निगेटिव्ह राहिला, तर वरच्या भोकात एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की कॅम्बर बदलणारा) टाका. ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत स्ट्रट नकलमध्ये क्लॅम्पने धरलेला असतो, तिथे हा बोल्ट बसत नाही. स्ट्रटचं वरचं टोक सरकवू देणारी कॅम्बर प्लेट हाच मार्ग.

मशीनवर

वीस-तीस किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्या आणि उंची पुन्हा मोजा. एकाच अॅक्सलवर डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मशीनवर जाऊ नका. आधी स्प्रिंगचं टोक सीटमध्ये नीट बसलंय का ते बघा. खालची बॉडी वेगळी फिरणारं कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बरचा संच) असेल तर उंची त्या बॉडीच्या थ्रेडवर जुळवा, स्प्रिंगच्या कॉलरवर नाही. मग टायरची हवा कंपनीच्या आकड्याला, डिकी रिकामी.

क्रम मागून पुढे. टॉर्शन बीमला मागे काही फिरवायला नसतं आणि लो केल्याने तिथे फारसं बदलतही नाही, पण मोजायचं नक्की. थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) बिघडलेला असेल तर पुढे कितीही जुळवलं तरी स्टिअरिंग वाकडं राहतं. मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे आर्म) असेल तर कॅम्बर आणि टो दोन्ही बदललेले असतात, ते आधी जुळवा. मग पुढचा कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बरचा बोल्ट हलला की टोही हलतो.

आकडे: पुढचा कॅम्बर −०°४५′ ते −१°३०′, दोन्ही बाजूंत फरक ०°३०′च्या आत. एकूण टो कंपनीच्या मर्यादेत, ती हाती नसेल तर शून्य ते ०°१०′ टो-इन. मशीनमधली मर्यादा मूळ उंचीच्या गाडीची असते, त्यामुळे कॅम्बर लाल (मर्यादेबाहेर) दिसला तरी चालेल. टो मात्र हिरवाच हवा. ‘गाडी लो आहे, हिरवं होणार नाही’ असं सांगून टो तसाच सोडणाऱ्याकडून गाडी बाहेर काढा.

टाय रॉड फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बूटची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळून फाटतो. १.५ मिमी पिचचा थ्रेड आणि १३० मिमी स्टिअरिंग आर्म धरला तर एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ०°४०′ बदलतात. म्हणजे पाव फेरा जवळपास ०°१०′. दोन्ही बाजू सारख्या फिरवल्या तर स्टिअरिंग मध्यावर राहतं.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर घ्या. पुढची बाजू जास्त खाली आली असेल तर हेडलाइटचा झोतही खाली पडतो, तोही जुळवा.

उंचीचा विचार आपल्या रस्त्यांवर वेगळा करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंमी उंच असतो आणि गल्लीतले अनेक त्याहून उंच. स्विफ्टच्या १६३ मिमी क्लिअरन्समधून ३५ गेले की १२८ उरतात, माणसं बसली की त्याहूनही कमी. पोटाखाली सबफ्रेम आपटून सरकली की आधीचं सगळं अलाइनमेंट वाया. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि परवानगी नसलेल्या बदलांसाठी दंड सांगणारं कलम १८२अ (४) हेही खर्चात धरा.

५०० किलोमीटरनंतर उंची आणि टो पुन्हा तपासा, कारण नवी स्प्रिंग अजून काही मिलिमीटर बसते. मध्ये कधीही टायरवरून हाताचा तळवा बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला रबराचे दाते लागले, तर टो हलला आहे. डोळ्यांना झीज दिसायच्या बरंच आधी हे हाताला कळतं.