ओरिएंटियरिंगच्या शर्यतीत डोकं शांत कसं ठेवावं

नाले दोन होते. नकाशावर दीड सेंटिमीटरच्या अंतरावर, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरवर, आणि दोन्ही डावीकडेच वळणारे. पाचवा कंट्रोल, म्हणजे शर्यतीत गाठायची पाचवी जागा, दुसऱ्या नाल्याच्या वळणावर, एका मोठ्या दगडाच्या पूर्वेला होता. मी पहिल्याच नाल्यात उतरलो. मोठा दगडही सापडला. नागपूरच्या पश्चिमेच्या टेकाडांत काळा दगड कुठे नाही! फक्त कंट्रोल नव्हता. 22 मिनिटं मी तिथे गोल गोल फिरलो. त्याच बाभळीपाशी तिसऱ्यांदा आलो तेव्हा पुढच्या कंट्रोलकडे निघालेला मित्र ओरडला, "काऊन बे, झिरो माइलच्या गावचा माणूस अन् हरवला?"

नंतर नकाशा घेऊन बसलो तेव्हा कळलं की चूक नाल्यात नव्हे, चौथ्या कंट्रोलवरच झाली होती. तिथे इतका झटपट पोचलो की त्या आनंदात पुढचं न वाचताच सुटलो. या खेळात माणूस बहुतेक वेळा असाच चुकतो, सगळं छान चाललंय असं वाटत असताना.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, गोल म्हणजे कंट्रोल, दुहेरी गोल म्हणजे शेवट. प्रत्येक गोलाच्या मध्यबिंदूवर प्रत्यक्षात केशरी-पांढरी निशाणी टांगलेली असते. क्रमाने सगळ्या गाठायच्या, चिपने नोंद करायची. रस्ता ज्याचा त्याने ठरवायचा.

आधी रंग पाठ करा

एनसीसी केलेल्यांना नकाशावाचन येतं, पण नेमके तेच पहिल्यांदा फसतात. त्यांच्या सवयीच्या नकाशावर जंगल हिरवं असतं. इथे पांढरा रंग म्हणजे मोकळेपणी धावता येईल असं जंगल, पिवळा म्हणजे उघडं माळरान, आणि हिरवा म्हणजे दाट झाडोरा. हिरवा जितका गडद, तितकं आत शिरणं कठीण. आपल्याकडे गडद हिरवा म्हणजे बहुधा घाणेरी, आणि पावसाळ्यानंतर ती नकाशातल्यापेक्षा चार पावलं पुढे सरकलेली असते. त्यातून सरळ जाऊन वेळ वाचवू म्हणणाऱ्याच्या हातापायांवर त्याचा हिशेब लिहिलेला दिसतो. तपकिरी रेषा उंचीच्या. दोन रेषांमध्ये सहसा 5 मीटरचा फरक असतो, त्यामुळे आपल्या बुटक्या टेकाडांना दोन-तीनच रेषा मिळतात. म्हणून नागपूरकडे टेकाडापेक्षा नाला, बांध, पांदण यांवर जास्त भरवसा ठेवावा.

शिट्टी झाली की चाला

होय, चाला. बाकीचे सुसाट सुटतील, सुटू द्या. आधी नकाशा जमिनीशी जुळवा: नकाशावरच्या उत्तर-दक्षिण रेषा आणि होकायंत्राची लाल सुई एका दिशेला आणा. तुम्ही वळलात तरी नकाशा उत्तरेकडेच राहू द्या, मग अक्षरं उलटी दिसली तरी हरकत नाही. होकायंत्राचा हात मोबाइलपासून लांब ठेवा. मोबाइलमधलं चुंबक सुईला खुशाल भलतीकडे ओढतं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ असेल तर एक फुकटची पडताळणी हाताशी आहे: सूर्य आग्नेयेला असतो. वायव्येला जायचंय आणि ऊन डोळ्यांवर येतंय, तर थांबा.

टप्पा उलटा वाचा

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. आपण उभे असतो तिथून पुढे वाचत जातो. वाचायचं मात्र कंट्रोलकडून मागे. माझा तो पाचवा कंट्रोलच घ्या. तो नाल्याच्या वळणावर आहे. त्याच्या जवळ हमखास ओळखू येईल असं काय आहे? उत्तरेला 80 मीटरवर बैलगाडीची पांदण नाल्याला ओलांडते. ही झाली गाठायची पक्की खूण. तिथवर कसं जायचं? पांदणीनेच, ती चुकूच शकत नाही. आणि वाटेत काय लागेल? आधी एक नाला, मग दुसरा. म्हणजे पहिला नाला ओलांडताना तोंडाने "एक" म्हणायचं आणि थांबायचं नाही. सगळं मिळून 15 सेकंदांचं वाचन. मी ते वाचवलं आणि 22 मिनिटं घालवली.

पुढचा टप्पा असा वाचून झाल्याशिवाय कंट्रोल सोडू नका. वाचायला निशाणीपासून दहा पावलं बाजूला व्हा. तिथेच रेंगाळलात तर मागच्याला फुकट पत्ता मिळतो.

सिग्नलसारखं धावा

पक्क्या खुणेपर्यंत हिरवा दिवा: जोरात धावा, मोठ्या गोष्टीच पाहा. खूण जवळ आली की पिवळा. खुणेपासून कंट्रोलपर्यंत लाल, म्हणजे चालायचं आणि पावलं मोजायची. 100 मीटरला तुमची किती पावलं पडतात ते कुठल्याही 400 मीटरच्या ट्रॅकवर आधी मोजून ठेवा. फक्त डावं पाऊल मोजलं तर आकडा लहान राहतो. चालताना आणि पळताना तो वेगळा येतो, दोन्ही लक्षात ठेवा. 1:10,000 च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर.

या सगळ्या वेळात अंगठा नकाशावर, आपण आहोत त्या जागी. नकाशाची घडी लहान करा, अंगठा सरकवत चला. सोपं वाटतं, पण दम लागला की पहिला सुटतो तो अंगठा.

निशाणी दिसली की तिच्यावरचा नंबर आपल्या कंट्रोलच्या नंबराशी ताडून पाहा. शेजारच्या टप्प्यातली निशाणीही अगदी तशीच दिसते, आणि चुकीच्या नोंदीवर शर्यतच बाद होते.

हरवलात तर

उभे राहा. पाय चालू असेपर्यंत डोकं फक्त एकच काम करतं: जे दिसतंय ते नकाशात कोंबायचं. "हा दगड तोच असणार" असं मनात आलं की "असणार" हा शब्द पकडा. खात्री असली की माणूस "आहे" म्हणतो.

तीन लांब श्वास सोडा. नकाशा जुळवा. मग स्वतःला विचारा: मी कुठे आहे हे नक्की कधी माहीत होतं? तिथून किती वेळ, कुठल्या दिशेला आलो? आता आधी जमीन पाहा आणि नंतर नकाशा: उतार कुणीकडे, नाला कुठून कुठे वाहत असेल, पांदण आहे का? मिनिटभरात जुळलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. मागे फिरायला जिवावर येतं, पण तेच स्वस्त पडतं. दुसऱ्या कोणाच्या मागे मात्र धावू नका. त्याचा कोर्स, म्हणजे त्याला गाठायचे कंट्रोल, वेगळा असू शकतो, किंवा तोही तुमच्यासारखाच हरवलेला असू शकतो.

इजा झाली तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. ही ऐकू आली की बाकीच्यांनी शर्यत सोडून आवाजाकडे जायचं, यात दुसरा विचार नाही.

सराव

अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या पायवाटांवर फिरायला जाताना हातात छापील नकाशा ठेवा आणि प्रत्येक वळणावर अंगठा सरकवा. धावायची गरजच नाही. गोरेवाड्याकडे वाट सोडून आत शिरू नका, तिथे बिबट्याचा वावर आहे.

शर्यत अर्ध्यात सोडली तरी शेवटच्या टेबलावर जाऊन नोंद करा, नाहीतर अंधार पडेपर्यंत आयोजक तुम्हाला शोधत बसतात. आणि तर्री पोह्यांची प्लेट हातात घेण्याआधी लाल पेनाने आपण खरोखर गेलो तो मार्ग नकाशावर काढा. पोटात पोहे गेले की आठवण आपल्या सोयीने सरळ रेषा काढू लागते. माझ्या त्या नकाशावर पहिल्या नाल्याभोवती लाल जिलबी आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.