आंतरवासितेत पर्यावरण शिकवताय? या चुका टाळा

विदर्भात ५ जूनला शाळा बंद असतात. इथलं ऊन पाहता त्या उघडतात जूनच्या शेवटी शेवटी. तरीही आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, आलेल्या डी.एल.एड. आणि बी.एड.च्या छात्राध्यापकांच्या (शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांच्या) फायलीत पर्यावरण दिनाच्या वृक्षारोपणाचे फोटो हमखास असतात. पारा चाळिशीपार, जमिनीला भेगा, खड्ड्यात गुलमोहर. पंधरा दिवसांत त्याची काडी होते. रोप लावायचंच तर दोन-चार दमदार पाऊस पडून माती खोलवर भिजू द्या. चिंच, करंज, बेहडा, मोह असं इथलं झाड निवडा. बकऱ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला. आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे खड्डा खणायच्या आधी ठरवा.

प्रदूषणाच्या पाठाला थर्माकोलचं मॉडेल, ही दुसरी चूक. राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर आणि सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. पाठाला गुण मिळतातही, पण पोरांना विसंगती दिसतेच. तुराट्या, पऱ्हाट्या, माती, पळसाची पानं गावात फुकट मिळतात. नदीचं खोरं तर अंगणातल्या चिखलात जास्त चांगलं समजतं.

सगळ्यात महागात पडते ती उपदेशाची चूक. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वर्गात ‘झाडे तोडू नका’ असं फळ्यावर लिहिलं, की ज्या मुलीची आई सकाळीच सरपणाला गेली ती मान खाली घालते. एखादा धीट पोरगा विचारतोच, ‘मॅडम, मग सयपाक कायच्यावर करायचा?’ यावर पाठ टाचणात उत्तर नसतं. म्हणून आधी विचारा: मोहफुलं कशी वेचता? फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून कधी वणवा पेटतो, हे मुलंच सांगतील. पाला झाडून काढता येईल का, खाली जाळी अंथरता येईल का, यावर त्यांना बोलू द्या. कापूसपट्ट्यात समुद्रातल्या प्लॅस्टिकवर पाऊण तास घालवू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली. औषधाची रिकामी बाटली घरात कुठे जाते, हा तिथला प्रश्न आहे.

आता पर्यावरणाला जोडूनच शिकवायचं ‘नागरिकत्व’. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेलं ५१ क हे मूलभूत कर्तव्यांचं कलम, त्यातलं पर्यावरणरक्षणाचं कर्तव्य, छात्राध्यापकांना पाठ असतं. गाडी तिथेच थांबते. गावचा मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळचा) तलाव कोणाच्या ताब्यात आहे, गाळ काढायचं कोण ठरवतं, मासेमारी कोणाकडे आहे, हे विचारलं की शांतता. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न घेणाऱ्या त्या ग्रामसभेने तेंदूपानं मात्र तोडायची नाहीत असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात. जंगल वापरायचं कसं आणि सोडायचं काय, हे गावाने ठरवलं. माझ्या मते असं एक उदाहरण दहा घोषवाक्यांना भारी आहे. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, असायला हवी. ती मागून बघा. धूळ खात पडली असेल तर त्यातली झाडं मुलांना शिवारात शोधायला लावा.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘पोर्शन राहिलाय’, तर वाद घालू नका. परिसर अभ्यासाचा तास आहेच. हातपंपावर दिवसाला किती गुंड (हंडे) पाणी जातं ते गणितात घ्या. मराठीच्या पत्रलेखनात काल्पनिक मित्राऐवजी सरपंचांना अर्ज लिहून घ्या. अर्ज खरोखर द्या आणि पोच घ्या. फक्त मुख्याध्यापकांना आधी दाखवा, आणि निवडणुकीच्या तोंडावर हे टाळा, नाहीतर पोरांचं पत्र एखाद्या गटाच्या हातात सापडतं. आंतरवासिता संपताना नोंदींची वही आणि ती पोच वर्गशिक्षकांकडे सोपवा. उत्तर आलं, तर तोवर तुम्ही त्या गावात नसाल.